जखमेवर जंतुनाशक : कुठे, केव्हा आणि किती

गुडघा खरचटला किंवा सुरीने बोट कापले की बहुतेकांचा हात आधी औषधाच्या बाटलीकडे जातो. त्या बाटलीत कधी तपकिरी आयोडीन असते, कधी झोंबणारे स्पिरिट म्हणजे अल्कोहोल, तर कधी जखमेवर पडताच फेसाळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड. मात्र दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर त्याच जखमेसाठी अनेकदा एवढेच सांगतात, की ती वाहत्या स्वच्छ पाण्याने नीट धुवा आणि झाकून ठेवा. दुसरीकडे शस्त्रक्रिया करायची असेल तर हेच वैद्यकशास्त्र रुग्णाची धडधाकट, कुठेही न कापलेली त्वचा जंतुनाशकाने काळजीपूर्वक पुसून घेते आणि ती वाळेपर्यंत शस्त्र हातात धरत नाही. जिथे जखम आहे तिथे औषध नको आणि जिथे जखमच नाही तिथे मात्र हवे, ही गोष्ट सामान्य माणसाला विसंगत वाटते. प्रत्यक्षात या दोन्ही सूचना एकाच तत्त्वातून निघालेल्या आहेत. ते तत्त्व समजले तर घरच्या जखमेची देखभाल अधिक सोपी होते आणि अधिक सुरक्षितही.

जंतू असणे म्हणजे संसर्ग होणे नव्हे

निरोगी त्वचेवर असंख्य जीवाणू कायम वस्तीला असतात. त्वचा फाटली की त्यांतले काही जखमेत उतरतात आणि ज्या वस्तूने जखम झाली तिच्यावरचे, मातीतले किंवा हातावरचे जंतूही त्यांच्यासोबत येतात. त्यामुळे पूर्णपणे जंतुविरहित अशी उघडी जखम जवळजवळ नसतेच. तरीही बहुतेक छोट्या जखमा कोणत्याही औषधाशिवाय भरून येतात, कारण दुखापतीनंतर काही तासांतच रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे पोहोचतात आणि आलेल्या जंतूंचा बंदोबस्त करतात.

संसर्ग म्हणजे हे जंतू वाढून आजूबाजूच्या जिवंत ऊतींमध्ये शिरणे आणि शरीराला इजा करू लागणे. तसे होईल की नाही हे तीन गोष्टींवर ठरते : जंतूंची संख्या व जात, जखमेची अवस्था आणि रुग्णाची प्रतिकारशक्ती. यांपैकी जखमेची अवस्था हा घटक सर्वांत दुर्लक्षित राहतो. जखमेत माती, काटा, कापडाचा धागा, गोठलेले रक्त किंवा मेलेले मांस राहिले, तर जंतूंना आसरा आणि अन्न दोन्ही मिळते. तिथे रक्तपुरवठा नसल्याने पांढऱ्या पेशी पोहोचत नाहीत आणि वरून ओतलेले औषधही पोहोचत नाही. म्हणून संसर्ग टाळण्याचे पहिले काम हे घाण बाहेर काढण्याचे असते. जंतू मारण्याचे काम त्यानंतर येते.

जंतुनाशक नेमके काय करते?

जंतूंविरुद्धच्या औषधांची येथे तीन गटांत विभागणी केली म्हणजे पुढचा गोंधळ टळेल. फरशी, भांडी किंवा उपकरणे यांसाठी वापरायची तीव्र रसायने हा पहिला गट असून ती जखमेवर कधीही वापरायची नसतात. दुसऱ्या गटातली रसायने त्वचेवर किंवा जखमेवर लावता येतील इतकी सौम्य असतात. या लेखात जंतुनाशक म्हणताना हा दुसरा गटच अभिप्रेत आहे. तिसरा गट प्रतिजैविकांचा, म्हणजे जीवाणूंच्या एखाद्या ठरावीक क्रियेवर नेम धरून काम करणाऱ्या औषधांचा.

जंतुनाशकाला असा नेम धरता येत नाही. ते एकाच वेळी अनेक ठिकाणी आघात करते : पेशीचे आवरण फाडते, आतली प्रथिने साकळवते, महत्त्वाच्या रेणूंचे रासायनिक विघटन घडवते. त्यामुळे जीवाणूंबरोबरच काही बुरश्या आणि अनेक विषाणूही त्याच्या तडाख्यात सापडतात आणि त्याला दाद न देणारे जंतू निर्माण होण्याचे प्रमाण प्रतिजैविकांच्या मानाने कमी राहते. परंतु हाच गुण जखमेत अडचणीचा ठरतो. जखम भरून काढणाऱ्या आपल्या पेशीही आवरण आणि प्रथिने यांच्याच बनलेल्या असतात. नुकतीच उगवण झालेल्या शेतात सरसकट तणनाशक फवारले तर तणाबरोबर पिकाचे कोंबही करपतात. मात्र तीच फवारणी पेरणीच्या आधी केली असती तर पिकाला धक्का लागला नसता. अखंड त्वचेवर मृत पेशींचा जाड थर असल्यामुळे जंतुनाशक तिथे जोरकसपणे वापरता येते. उघड्या जखमेत मात्र तळाशी कोवळ्या, नुकत्या विभाजित होऊ लागलेल्या पेशी असतात. आरंभी दिसलेल्या विसंगतीचे उत्तर या फरकात आहे.

लिस्टर यांनी सिद्ध केले, फ्लेमिंग यांनी मर्यादा दाखवली

१८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणात हात धुण्यास भाग पाडले. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये त्यांच्या विभागात सुमारे १८ टक्के बाळंतिणी दगावत होत्या. पुढच्या काही महिन्यांत ते प्रमाण सुमारे दोन टक्क्यांपर्यंत खाली आले. जंतू रोग पसरवतात हे तेव्हा सिद्ध झालेले नव्हते, त्यामुळे त्यांचे म्हणणे अनेकांनी मानले नाही.

कुजण्यामागे सूक्ष्मजीव असतात हे दाखवणाऱ्या लुई पाश्चर यांच्या संशोधनानंतर चित्र बदलले. ऑगस्ट १८६५ मध्ये ग्लासगोच्या रुग्णालयात शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर यांच्यासमोर अकरा वर्षांचा एक मुलगा आला. गाडीचे चाक पायावरून गेल्याने त्याचे हाड मोडले होते आणि वरची त्वचाही फाटली होती. त्या काळी अशा अस्थिभंगात पू होणे जवळपास गृहीत धरले जाई आणि जीव वाचवण्यासाठी अनेकदा पाय कापावा लागे. लिस्टर यांनी जखमेवर कार्बोलिक आम्लात भिजवलेले कापड बांधले. पू झाला नाही, हाड जुळले आणि मुलगा स्वतःच्या पायांवर चालत घरी गेला. लिस्टर यांनी १८६७ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि शस्त्रक्रियेचा इतिहास पालटला.

याच कथेचा उत्तरार्ध मात्र फारसा सांगितला जात नाही, आणि माझ्या मते रोजच्या व्यवहारासाठी तोच अधिक उपयोगाचा आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील बुलोन येथील प्रयोगशाळेत काम करताना अलेक्झांडर फ्लेमिंग यांना दिसले, की तीव्र जंतुनाशके भरपूर ओतूनही सैनिकांच्या खोल जखमा चिघळतच आहेत. त्यांनी काचेची एक नळी तापवून तिला आतून पोकळ असे अनेक काटे काढले आणि वेडीवाकडी जखम कशी असते याची प्रतिकृती तयार केली. तिच्यात जंतुयुक्त द्रव भरला, तो ओतून टाकून जंतुनाशक भरले, मग पुन्हा ताजा द्रव घातला. तरी काट्यांच्या टोकांशी दडलेल्या जंतूंपासून वाढ पुन्हा सुरू झाली. जंतुनाशक कोपऱ्यांपर्यंत पोहोचत नव्हते, आणि जिथे पोहोचत होते तिथे जंतूंच्या आधी संरक्षक पांढऱ्या पेशींचा बळी घेत होते. लिस्टर यांचे यश आणि फ्लेमिंग यांची निरीक्षणे एकमेकांना खोडून काढत नाहीत. रसायन कोणत्या ऊतीवर, किती खोलवर आणि किती वेळ वापरले जाते त्यावर त्याचा लाभ अवलंबून असतो, असे ती दोन्ही मिळून सांगतात.

मग शस्त्रक्रियेच्या आधी त्याचा एवढा आग्रह का?

शस्त्रक्रियेची जखम ही आधीपासून ठाऊक असलेली जखम असते. जंतू आत शिरण्यापूर्वीच, ते अखंड त्वचेवर असतानाच, त्यांना गाठण्याची संधी तिथे मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये शस्त्रक्रियेच्या जागी होणारा संसर्ग टाळण्यासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत त्वचेच्या तयारीसाठी अल्कोहोलमध्ये मिसळलेल्या क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाची शिफारस आहे. अल्कोहोल अर्ध्या-एक मिनिटात बहुतेक जीवाणूंचा नाश करते, पण उडून जाते. क्लोरहेक्सिडीन त्वचेला चिकटून राहते आणि त्याचा परिणाम काही तास टिकतो. एकाचा वेग आणि दुसऱ्याचा टिकाऊपणा असा हा मेळ आहे. आयोडीन आणि अल्कोहोल यांची मिश्रणेही वापरात आहेत आणि काही प्रकारच्या शस्त्रक्रियांत तीही उत्तम ठरतात.

यासोबत दोन पथ्ये पाळावी लागतात. द्रावण त्वचेवर पूर्ण वाळू द्यावे लागते, कारण परिणामासाठी वेळ लागतो आणि अल्कोहोलचे ओले डबके विद्युत उपकरणाच्या ठिणगीने पेटू शकते. दुसरे असे, की त्या जागेचे केस वस्तऱ्याने काढायचे नसतात. वस्तऱ्याच्या सूक्ष्म ओरखड्यांत जंतू वाढतात. म्हणून केस शक्यतो तसेच ठेवावेत आणि अगदीच अडचण होत असेल तर यंत्राने आखूड करावेत, असे तीच तत्त्वे सांगतात. शस्त्रक्रियेपूर्वी घरीच दाढी करण्याच्या पात्याने जागा साफ करून येणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात घ्यावे.

नुसत्या पाण्याने जंतू मरतात का?

मरत नाहीत, आणि ही शंका रास्त आहे. पण पाण्याकडून मारण्याची अपेक्षाच नसते. वाहते पाणी माती, सुटे कण, गोठलेले रक्त आणि त्यांना धरून बसलेले जंतू यांत्रिकपणे वाहून नेते. उरलेल्या थोड्या जंतूंना शरीर आवरते. त्यासाठी निर्जंतुक सलाईनच हवे असेही नाही. साध्या जखमा पिण्यायोग्य नळाच्या पाण्याने धुणे आणि सलाईनने धुणे यांची तुलना करणाऱ्या चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात नळाच्या पाण्यामुळे संसर्ग वाढल्याचे आढळलेले नाही. पाण्याची खात्री नसेल तर ते उकळून थंड करून वापरावे.

धुण्याच्या पाण्यात आणखी काही मिसळले तर अधिक चांगले, ही समजूतही तपासली गेली आहे. हाड मोडून त्वचा फाटलेल्या सुमारे २,४५० रुग्णांवरची एक मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात जखम साबणाच्या द्रावणाने धुतलेल्या गटातील १४.८ टक्के रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, तर नुसत्या सलाईनने धुतलेल्या गटात हे प्रमाण ११.६ टक्के होते. पाण्याचा दाब वाढवूनही फायदा झाला नाही. इतक्या गंभीर जखमांतही साधे द्रावण सरस ठरते, हे मला फार बोलके वाटते.

घरच्या जखमेसाठी क्रम सोपा आहे. आधी स्वतःचे हात धुवावेत. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने काही मिनिटे सलग दाब द्यावा. मग जखम काही मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावी, भोवतालची त्वचा साबणाने स्वच्छ करावी, दिसणारे कण हळुवार काढावेत आणि स्वच्छ ड्रेसिंगने झाकावे. जखम उघडी ठेवून सुकवली की लवकर बरी होते, हा समज १९६२ साली जॉर्ज विंटर यांच्या प्रयोगांनी मोडीत काढला. डुकरांच्या त्वचेवरील उथळ जखमा झाकून ओलसर ठेवल्या असता त्यांच्यावर नवी त्वचा, उघड्यावर सुकणाऱ्या जखमांपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने चढली. कोरड्या खपलीखालून पेशींना वाट काढत जावे लागते, ओलसर पृष्ठभागावर त्या सहज सरकतात.

जनावर चावले तरी हेच का?

नाही. इथे साबण आणि जंतुनाशक दोन्ही हवेत, आणि तेही विनाविलंब. कुत्रा, मांजर, माकड किंवा वटवाघूळ यांच्या चाव्यातून रेबीजचा विषाणू शरीरात जाऊ शकतो. या विषाणूला मेदाचे आवरण असते आणि साबण ते विरघळवतो. म्हणून जखम साबण आणि भरपूर पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, त्यानंतर पोव्हिडोन आयोडीनसारखे जंतुनाशक लावावे आणि ताबडतोब लसीसाठी दवाखाना गाठावा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. अशा रोगापुढे जखम दोन दिवस उशिरा भरण्याची काळजी करण्यात अर्थ नाही. धुणे आणि लस यांपैकी एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

धनुर्वाताचेही तसेच आहे. त्याचे जीवाणू बीजाणूंच्या, म्हणजे जाड कवचात निद्रिस्त राहणाऱ्या पेशींच्या रूपात मातीत असतात आणि अल्कोहोलने ते मरत नाहीत. खिळा खोल रुतला आणि वरून स्पिरिट लावले तर संरक्षण मिळाले असे मानणे धोक्याचे आहे. खरे संरक्षण जखमेच्या स्वच्छतेतून आणि लसीतून मिळते.

कोणती बाटली कशासाठी?

पोव्हिडोन आयोडीन हे घरगुती वापरात सर्वांत समजूतदार जंतुनाशक म्हणता येईल. त्यातले आयोडीन मोठ्या रेणूला बांधलेले असते आणि हळूहळू सुटते, त्यामुळे जुन्या टिंक्चरइतके ते झोंबत नाही. नेहमीच्या १० टक्के द्रावणात वापरात येऊ शकणारे आयोडीन सुमारे एक टक्का असते. मळलेल्या जखमेवर धुतल्यानंतर ते एखाद-दोनदा लावण्यास हरकत नाही. मात्र आयोडीन शरीरात शोषले जाते. म्हणून थायरॉईडचा विकार असलेल्यांनी, गरोदर व स्तनदा स्त्रियांनी आणि नवजात बाळांसाठी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय, विशेषतः मोठ्या जागेवर किंवा पुन्हा पुन्हा, वापरू नये. रक्त आणि पू यांमुळे त्याची ताकद घटते, हे आधी धुण्याचे आणखी एक कारण आहे.

क्लोरहेक्सिडीन डोळ्यांत किंवा फाटलेल्या पडद्यातून कानाच्या आत गेल्यास कायमची इजा होऊ शकते. क्वचित त्याची तीव्र ॲलर्जीही होते. २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तसा इशारा दिला होता.

स्पिरिट उघड्या जखमेवर नको. ते वरवरची प्रथिने साकळवते, तीव्र वेदना देते आणि त्या साकळलेल्या थराखाली जंतू सुरक्षित राहू शकतात. झोंबणे हा औषध लागू पडत असल्याचा पुरावा आहे ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, पण ती वेदना आपल्याच मज्जातंतूंची तक्रार असते. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या फेसाबद्दलही हेच म्हणता येईल. रक्त व ऊती यांतील कॅटलेज नावाचे विकर पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन यांत विघटन करते, म्हणून बुडबुडे येतात. जखमेत जंतू नसले तरीही ते येतात. बंदिस्त, खोल जखमेत ते भरल्याने ऑक्सिजनचे बुडबुडे रक्तवाहिनीत शिरून प्राणावर बेतल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत.

क्लोरोझायलेनॉल या जंतुनाशकाची, पाण्यात पांढरट होणारी द्रावणे बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणात पाणी मिसळल्याशिवाय लावली तर त्वचा भाजल्यासारखी होते. जास्त तीव्र म्हणजे जास्त गुणकारी, हे अल्कोहोलच्या बाबतीतही खरे नाही. ७० टक्के अल्कोहोल शुद्ध अल्कोहोलपेक्षा चांगले काम करते, कारण प्रथिने मोडण्यासाठी पाण्याची गरज असते. बाटल्यांविषयी आणखी एक गोष्ट : जंतुनाशकाची बाटलीही दूषित होऊ शकते. काही चिवट जीवाणू अशा द्रावणांत जगल्याची आणि त्यातून रुग्णालयांत साथी पसरल्याची उदाहरणे आहेत. म्हणून वापरलेला कापूस पुन्हा बाटलीच्या तोंडाला लावू नये आणि मुदत संपलेली बाटली ठेवू नये.

तर मग जखमेत जंतुनाशकाची गरज कधीच नसते का?

असते. पायावरचे जुने व्रण, दाबामुळे झालेल्या जखमा आणि मधुमेही रुग्णांच्या पायाच्या जखमा आठवडेच्या आठवडे भरत नाहीत. अशा जखमांत जीवाणू स्वतःभोवती चिकट आवरण तयार करून वसाहत करतात. त्याला जैवपटल म्हणतात. त्याच्या आत प्रतिजैविके आणि पांढऱ्या पेशी दोन्ही निष्प्रभ ठरतात. तिथे डॉक्टर किंवा प्रशिक्षित परिचारिका आधी मेलेले मांस व चिकट थर काढून टाकतात आणि मगच आयोडीन, चांदीचे क्षार किंवा तत्सम जंतुनाशक असलेले ड्रेसिंग ठरावीक काळासाठी लावतात. साधारण दोन आठवड्यांनी फेरतपासणी करून ते चालू ठेवायचे की बदलायचे हे ठरते. जुनाट जखमेतले जंतूंचे ओझे हेच भरण्यातला मोठा अडथळा असल्यामुळे पेशींची थोडी हानी पत्करणे तिथे हिताचे असते.

प्रतिजैविकाचे मलम हा याला सोपा पर्याय वाटतो. परंतु प्रत्येक खरचटण्यावर ते चोपडल्याने त्याला न जुमानणारे जीवाणू निवडून वाढतात आणि निओमायसिनसारख्या घटकांमुळे अनेकांना त्वचेची ॲलर्जी होते. मग लालसर, खाजरी झालेली जागा संसर्गाची समजून लोक तेच मलम आणखी लावत राहतात. साध्या जखमेवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर ओलसरपणा राखण्याचे काम तितकेच चांगले करतो. आणि जंतुनाशक असो वा मलम, संसर्ग ऊतींच्या आत पसरल्यावर वरून लावलेल्या औषधाने तो आटोक्यात येत नाही. तेव्हा पोटात घ्यायचे किंवा शिरेतून द्यायचे प्रतिजैविक लागते.

घरचे उपचार कुठे थांबवावेत?

पहिल्या दोन-तीन दिवसांत जखमेच्या कडेला थोडी लाली, सूज आणि दुखरेपणा असणे हा भरून येण्याचाच भाग असतो. वेदना कमी होण्याऐवजी वाढू लागली, लाली कडांपासून बाहेर पसरत चालली, जागा गरम लागू लागली, पू किंवा दुर्गंधी येऊ लागली, तर संसर्गाची शक्यता धरावी. गडद त्वचेवर लाली लवकर दिसत नाही. तिथे उष्णता, टणकपणा आणि वाढती वेदना यांवर भर द्यावा. जखमेपासून वर सरकणारी लाल रेघ, ताप, थंडी वाजणे, किंवा दिसते त्या मानाने असह्य वेदना असेल तर त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात वैद्यकीय मदत घ्यावी.

काही जखमा लक्षणांची वाट न पाहता दाखवायला हव्यात. यात चावे, खोल रुतलेल्या वस्तू, दहा मिनिटे दाब देऊनही न थांबणारे रक्त, सांधा किंवा चेहरा यांवरचे खोल काप आणि भाजल्याच्या मोठ्या जखमा येतात. भाजल्यावर जंतुनाशक न लावता आधी वीस मिनिटे थंड वाहते पाणी सोडावे. मधुमेह असलेल्यांच्या पायाला अनेकदा संवेदना कमी असते, त्यामुळे गंभीर संसर्गही दुखेलच असे नाही, आणि ताप येईलच असेही नाही. त्यांनी तळपायाची छोटीशी जखमही स्वतः औषध लावून पाहण्यात दिवस न घालवता, दिसली त्या दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवावी.